मीटरची बडबड

मीटर गेला त्याला दोन महिने झाले. चौतीस वर्षं घरोघरी फिरून विजेचे आकडे टिपणारा माणूस, म्हणून सगळे त्याला मीटर म्हणत. चिडली की त्याची बायकोही म्हणायची. मी शिंपी, मला तो मास्तर म्हणायचा. दर रविवारी सकाळी आम्ही दोघं गावाबाहेरच्या तलावावर पक्षी बघायला जायचो, आणि दर रविवारी मी त्याला एकदा तरी म्हणायचो, "गप्प बस रे जरा."

पक्षी बघायला आलेली माणसं कुजबुजत बोलतात. या गृहस्थाच्या तोंडाचा पट्टा मात्र थांबायचा नाही. "डावीकडची फांदी, मास्तर. पाठ हिरवी, कपाळ तांबडं, चोच जाड." अरे बाबा, मलाही डोळे आहेत. निम्मे पक्षी याच्या वर्णनालाच कंटाळून उडून जात असावेत. पूर्वी तो असा नव्हता. वय झालं की काही माणसं बोलकी होतात, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

डोळे मला होते, पण त्यांत एक खोट होती, आणि ती मी आयुष्यभर लपवली. मला तांबडा आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. जन्मापासूनच. शिंप्याने हे चारचौघांत सांगायचं म्हणजे आपल्याच हाताने दुकानाला कुलूप लावायचं. म्हणून माझ्या बायकोने फळीवरच्या प्रत्येक रिळाला रंगाचं नाव लिहून बारीक चिठ्ठी चिकटवली आहे. गिऱ्हाइकाला वाटतं, काय टापटीप आहे. खरं कारण फक्त तिला आणि मला माहीत होतं.

मीटरशी ओळख झाली ती याच दुकानात. विजेचं मीटर नेमकं रिळांच्या फळीवर. दर महिन्याला तो स्टुलावर चढायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि आकडा दोनदा वाचायचा. कामात भलता काटेकोर. घर बंद असलं की बाकीचे लोक गेल्या महिन्यावरून अंदाजे आकडा टाकून मोकळे व्हायचे. हा 'कुलूप' असं लिहून परत जायचा. एकदा त्याच्या साहेबांचंच घर बंद होतं. तिथेही त्याने 'कुलूप' लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी बोलणी खाल्ली. "दिसलं तर लिहायचं, नाही दिसलं तर नाही दिसलं असं लिहायचं," तो मला म्हणाला. "यात अवघड काय आहे, मला कळत नाही."

पक्ष्यांच्या वहीतही तेच. तारीख, वेळ, वारा, पक्षी, संख्या. तलावावर आधी कधी न दिसलेला पक्षी असेल, तर तो दोघांनी पाहिला तरच नोंद पक्की. हा नियम त्याचाच.

आणि या नियमातच मी अडकलो. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. बांधाजवळच्या झुडपात एक इवलासा पक्षी बसला होता. मीटरने दुर्बीण लावली आणि त्याचा श्वासच अडकला. तांबड्या गळ्याचा माशीमार. गळा तांबडा असेल तर तो, नसेल तर आपला रोजचाच. त्याने दुर्बीण माझ्या हातात कोंबली. मला पक्षी दिसला, चोच दिसली, गळाही दिसला. पण तो तांबडा आहे की आणखी काही, हे मला देवानेही विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

"दिसला?"

"दिसला की," मी म्हणालो. "लालभडक."

तो माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिला. मग "बरं" म्हणून वहीत काहीतरी लिहिलं. त्या पक्ष्याचं नाव त्यानंतर त्याने कधी काढलं नाही, आणि मीही मूग गिळून गप्प बसलो. त्याच्या वहीतल्या सगळ्यात मोठ्या नोंदीखाली माझी खोटी साक्ष आहे, हे मात्र बारा वर्षं मला टोचत राहिलं.

दोन महिन्यांपूर्वी मीटर दुपारी जेवून आडवा झाला, तो उठलाच नाही. गेल्या आठवड्यात त्याच्या मुलीचा फोन आला. कॉलेजातले लोक तलावावरच्या पक्ष्यांची यादी छापणार होते आणि त्यासाठी त्यांना बाबांच्या वह्या हव्या होत्या. "काका, तुम्ही एकदा नजर टाकाल का? शेवटचा हात तुमचाच बरा."

बोललो तर मित्राचा सगळ्यात मोठा पक्षी माझ्या हाताने खोडला जाणार होता, आणि वर माझंही बिंग फुटणार होतं. नाही बोललो तर माझं खोटं छापून येणार होतं, तेही त्याच्या नावाने. रात्रभर दोन्ही बाजूंनी विचार केला आणि काही न ठरवताच त्यांच्या घरी गेलो.

जेवणाच्या टेबलावर एकतीस वह्या रचून ठेवल्या होत्या. वहिनींनी चहा ठेवला आणि त्या खिडकीपाशी जाऊन बसल्या. मुलीने एका वहीत आधीच खूण घालून ठेवली होती.

"ही एकच नोंद अडते आहे," ती म्हणाली. "तांबड्या गळ्याचा माशीमार. बाबांनी लिहिलंय, पाहणारा एक. नोंद कच्ची. पण त्या दिवशी तुम्ही बरोबर होतात ना? तुम्ही पाहिला असेल तर तुमचं नाव घालते. बाबांचा पक्षी यादीत येईल."

म्हणजे माझी साक्ष त्याने घेतलीच नव्हती. आता एक 'हो' म्हटलं की त्याचा पक्षी छापून येणार होता. ते 'हो' जिभेच्या अगदी टोकापर्यंत आलं होतं. मग मला स्टुलावर चढून आकडा दोनदा वाचणारा तो दिसला.

"नको घालूस," मी म्हणालो. "पक्षी दिसला, रंग नाही दिसला. मला तांबडं-हिरवं कळत नाही. त्या दिवशी मी तुझ्या बाबांशी खोटं बोललो."

तिने वही माझ्याकडे फिरवली आणि पानाच्या तळाशी बोट ठेवलं. बारीक, सरळ अक्षर, आकडे लिहायची सवय असलेल्या हाताचं.

'मास्तरला रंग कळत नाहीत. रिळांवरच्या चिठ्ठ्या त्यासाठीच. विचारायचं नाही, लाज वाटेल त्याला. यापुढे रंग आपणच मोठ्याने बोलायचे.'

मी ते दोनदा वाचलं. "मी वाचलं होतं काका, पण विचारायचं नाही असं बाबांनीच लिहिलंय," ती म्हणाली. मग चष्मा काढून पुसत बसलो, बराच वेळ. वहिनी खिडकीतूनच म्हणाल्या, "चहा गार होतोय, भाऊजी."

बारा वर्षं रविवारमागून रविवार तो मला रंग सांगत होता, आणि मी त्याला गप्प बस म्हणत होतो. शेवटच्या रविवारीही म्हणालो होतो.

परवाच्या रविवारी मी एकटाच तलावावर गेलो. दुर्बीण त्याचीच, वही नवी. बांधाजवळच्या झुडपात एक लहान पक्षी येऊन बसला आणि चांगला पाच मिनिटं बसून राहिला. कोणीच काही बोललं नाही. मी तारीख लिहिली, वेळ लिहिली, वारा लिहिला. मग लिहिलं, 'लहान पक्षी, एक. रंग दिसला नाही.'