आरा बंद असेपर्यंत

शोभावहिनींचा फोन आला तेव्हा मी सावनेरला भाचीच्या लग्नात होते. "सुनंदाताई, हे गेले हो," एवढंच त्या म्हणाल्या. मग बराच वेळ फोनवर लाकूड कापणाऱ्या आरा मशीनची घरघर तेवढी ऐकू येत राहिली... त्याच आठवड्यात वहिनींच्या यजमानांचा, विलासभाऊंचा फोन येऊन गेला होता. "आवाज सापडला वं! इतकी वर्षं शोधून राहिलो होतो, तोच. ये ऐकाले." कसला आवाज, म्हणून विचारलं, तर म्हणाले, "ऐकशील तर ओळखशील. तू येत नाही तोवर मी एका बटणाले हात लावत नाही." लग्न आटोपलं की येते, असं मी म्हटलं होतं. लग्न आटोपायच्या आतच ते गेले. तेव्हापासून तो आवाज ऐकायचा राहून गेला, ही एकच गोष्ट मला आतून खात होती.

आमची ओळख ऑर्केस्ट्रातली. मी गायचे, ते कीबोर्ड वाजवायचे. लग्नं, गणपती, एप्रिल महिन्यात वस्त्यावस्त्यांतून भीमगीतं... कन्हानपासून उमरेडपर्यंत आम्ही एका मेटॅडोरमधून फिरलो. पुढे मुंबईच्या एका स्टुडिओत सगळं काम कॉम्प्युटरवर गेलं आणि तिथला जुना सिंथेसायझर विलासभाऊंनी उचलून आणला. बाकाएवढा लांब आणि दोघांना मिळून उचलावा लागेल असा. आम्ही सगळे हसलो होतो. नव्या कीबोर्डात बटण दाबलं की बासरी, बटण दाबलं की सनई. यात आयतं काहीच नाही. आवाज आपण घडवायचा, एकेक नॉब केसभर फिरवत. एका वेळी सहा सूर निघायचे आणि प्रत्येक सुराचं आतलं सर्किट वेगळं, म्हणून प्रत्येकाचा स्वभावही वेगळा. घडवलेला आवाज साठवून ठेवायची सोय होती म्हणे, पण तिची बॅटरी केव्हाच मेली होती आणि यांनी ती कधी बदलली नाही. "कालचा आवाज आज कशाले पाहिजे? आज नवा शोधू," हे त्यांचं उत्तर. आवाज टिकवायचा तर नॉब होते तिथेच राहू द्यायचे, एवढाच उपाय.

लकडगंजात त्यांचं घर आरा मशीनच्या अगदी वर. आरा सुरू झाला की व्होल्टेज पडायचं आणि सिंथेसायझरचे सूर घसरायचे. म्हणून भाऊंचा रियाज दुपारी, खाली जेवणाची सुट्टी झाली की. सागवानाचा भुसा खिडकीतून आत यायचा आणि कूलर असायचा सिंथेसायझरच्या तोंडावर, कारण तो तापला तर बिथरायचा. आम्ही घामाने निथळत बसायचो. "मशीनची बडदास्त ठेवता, माणसांचं काय?" असं मी म्हटलं की म्हणायचे, "माणसं तापली तरी सूर नाही सोडत वं." खाली ओंडक्यांवर बसून कामगार डबे खात ऐकायचे. सुट्टी संपली की आरेवाला किसन खालून हाक मारायचा, "भाऊ, चालू करू का?" आणि भाऊ खिडकीतून ठरलेलं उत्तर द्यायचे, "थांब गा जरासा, आत्ताच सूर लागून राहिला." किसन थांबायचा. त्याच्या मालकाला हे ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.

त्या सहा सुरांतला एक कायम किंचित उतरलेला असायचा. पट्ट्या दाबत गेलं की ते सहा पाळीपाळीने बोलायचे आणि त्याची पाळी आली की माझ्या कानाला टोचायचं. दुरुस्त का करत नाही, म्हणून मी किती वेळा डोकं खाल्लं असेल. ते स्वयंपाकघराकडे बघून म्हणायचे, "घरात एखादा तरी बेसूर पाहिजे. नाहीतर घर आहे हे कसं कळन?" आत शोभावहिनी पोळ्या लाटताना तोंड मिटून काहीतरी गुणगुणत असायच्या, त्यांचाही सूर थोडा खालीच. "बोला, अजून बोला. मले काय कळते तुमच्या त्या डबड्यातलं," असं आतून यायचं आणि गुणगुणणं पुन्हा सुरू.

भाऊंच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदनेला जमलेल्या गर्दीत बोलणं झालं नाही. नंतर एका दुपारी मुद्दाम गेले, मनात एकच आशा धरून. शोभावहिनी दारातच रडायला लागल्या. "ताई, मी पुसलं ते. लोक येतील, यांच्या मशीनवर धूळ पाहतील, म्हणून ओल्या फडक्यानं सगळं पुसून काढलं... बटणं फिरली हो. जन्मात कधी हात लावला नव्हता मी त्याले." मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मी त्यांना हाताला धरून आत नेलं.

आरा बंद झाला तसा मी सिंथेसायझर सुरू केला. कूलर त्याच्याकडे वळवला आणि तो स्थिर होईपर्यंत आम्ही दोघी वाट पाहत बसलो. भाऊंना बघून जेवढं शिकले होते तेवढ्यावर एकेक नॉब फिरवू लागले. "वहिनी, तुम्ही ऐकलाय तो. सांगा कसा होता."

"मले काय कळते..." म्हणत त्या पदराशी चाळा करत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "इतका कर्कश नव्हता." मी कमी केला. "अजून दबका. नाही, थोडा हलत होता, पाण्यासारखा... हं. अजून मऊ. तोंड मिटून बोलल्यासारखा."

मी नॉब आणखी थोडा खाली आणला आणि एकेक पट्टी दाबत गेले. एक सूर, दुसरा, तिसरा... आणि मग तो उतरलेला आला. माझा हात तिथेच थांबला. भाऊ म्हणाले होते तसंच झालं, मी ओळखला.

"असाच होता," वहिनी म्हणाल्या. "असाच. कोणाचा आवाज होता हा, ताई?"

"तुमचा," मी म्हटलं. "पोळ्या लाटतानाचा."

मी पट्टीवरचं बोट उचललं नाही. त्या घरात विलासभाऊ नव्हते आणि ते मला फार हवे होते. सुट्टी केव्हा संपली ते कळलंच नाही. ते गेल्यापासून किसन न विचारता आरा सुरू करायचा, विचारणार तरी कुणाला... त्या दिवशी मात्र खालून चाचरत हाक आली, "वहिनी... चालू करू का?"

शोभावहिनी उठल्या. डोळे पुसले आणि खिडकीपाशी गेल्या.

"थांब गा जरासा," त्या म्हणाल्या. "आत्ताच सूर लागून राहिला."