गच्चीवरच्या पिंपातलं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझ्या कुठल्या बनियनला कुठे भोक आहे तेसुद्धा पाठ आहे. अकरा वर्षं झाली. आता लिहून चाळीच्या स्मरणिकेत छापायला देतोय. पण लिहिताना समोर तुम्ही एकटेच बसला आहात असं धरून चाललोय. नाहीतर हात पुढे सरकायचा नाही.

आधी मी कोण, ते सांगतो. चिंचपोकळी स्टेशनाजवळ आमची चाळ. तिथे मला फिनेलकाका म्हणतात. जिन्यातली ‘थुंकू नये’ ही पाटी माझ्या हातची. पिंपांवरचं ‘झाकण लावा’ माझंच. भाजी तीन पाण्यांतून काढावी, हे मी लग्नाच्या मांडवातसुद्धा ऐकवलेलं आहे. मला बघितलं की पोरं हात धुवायला पळतात. आणि मला हे आवडतं, खूप आवडतं — खोटं कशाला बोलू?

तर माघातली सत्यनारायणाची पूजा. गच्चीवर मांडव, खाली सतरंज्या, पंगतीवर पंगत. त्या दिवशी कोशिंबीर पुरुषांनी करायची, ही गिरणीत राबलेल्या आमच्या वडिलांच्या पिढीनं घालून दिलेली पद्धत. वर्षभर बायका राबतात, एक दिवस तुम्ही काकड्या चिरा, असा सरळ हिशेब. चिरतो थोडं, खातो जास्त, आणि मसालेभाताचा वास आला की सगळेच आचारी होतो. वर्षातला इतका मजेचा दिवस दुसरा नाही.

पण लोक यायचे ते सोलकढीसाठी. ती करायच्या नलूवहिनी, माझ्या शेजारच्या खोलीतल्या, मूळच्या कुडाळच्या. गावाकडून आलेलं कोकमाचं आगळ, हातानं पिळलेलं नारळाचं दूध, ठेचलेली लसूण. भलामोठा टोप भरून ती गुलाबी सोलकढी गच्चीवर आली की भटजीसुद्धा कथेचा वेग वाढवायचे! कौतुक केलं की वहिनी पदर खोचायच्या आणि टोप ढवळत राहायच्या. तेवढ्यावरून कळायचं, की बाई खूश आहे.

त्या वर्षी कोथिंबीर मी आणली होती, दादरहून, पहाटे जाऊन. मुळांना चिखल लागलेला. वर येईपर्यंत नळ गेले होते. खाली घराघरांत भरलेलं पाणी होतं, नव्हतं असं नाही. पण तीन जिने उतरायचे, बादल्या घेऊन पुन्हा चढायचे... आणि गच्चीवर, कठड्याशी, गच्ची धुवायला ठेवलेलं पाण्याचं पिंप होतं.

पिंप उघडं होतं. झाकण कुठे होतं माहितीये? आदल्या संध्याकाळी मीच काढून नेलं होतं, नारळ ठेवायला. ‘झाकण लावा’ लिहिलेलं झाकण! पाण्यात कबुतराचं एक पीस तरंगत होतं. पीसच फक्त — असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. फक्त पीस नव्हतं. कठड्यावर कबुतरं बसतात, तिथून जे पडायचं ते पडलेलं होतं.

मी इकडेतिकडे बघितलं. दोन बोटांनी पीस उचललं आणि कठड्यापलीकडे टाकलं. मग त्या पाण्यानं घमेलं भरलं आणि सगळ्या जुड्या एकामागून एक त्यातच बुचकळल्या. तीन पाणी सोडा, एकच पाणी, शेवटपर्यंत तेच. कोथिंबीर अशी टवटवीत हिरवीगार दिसायला लागली की बायकांनी वाहवा केली. म्हणाल्या, फिनेलकाकांचा हात लागला की संपलं!

ती टोपलीत निथळत होती तोवर पहिली पंगत बसली, लहान मुलांची. त्यांना कोथिंबीर मिळालीच नाही. सोलकढी मात्र कार्टी वाट्यावर वाट्या प्यायली. नंतरच्या पंगतींना मी स्वतः मूठमूठ कोथिंबीर पेरत फिरलो — कोशिंबिरीवर, सोलकढीवर, जिथे जागा दिसेल तिथे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीच्या टोकाला संडासांसमोर जी रांग लागली, तिला तोड नाही. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोन भाडेकरू हातात टमरेल घेऊन एकमेकांना ‘तुम्ही आधी’ म्हणत होते. सेक्रेटरी रांगेत उभे राहून रांगेचे नियम सांगत होते आणि मध्येच नियम सोडून पळाले. मीही होतो त्या रांगेत, हसावं की रडावं कळत नव्हतं. दोन-तीन दिवसांत सगळे बरे झाले, देवाची कृपा. आणि गॅलरीत पहिल्या पंगतीची पोरं ठणठणीत क्रिकेट खेळत होती.

ती पोरं बघितली त्याच क्षणी मला कळलं. कोथिंबीर. माझी कोथिंबीर.

मग बैठक. कशानं झालं? कुणीतरी म्हणालं, सोलकढी असेल. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, जाणकार मी ना! वहिनींनीही बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती हो — भावोजी आहेत, ते सांगतील बरोबर, असं होतं. आणि मी — काय म्हणालो मी?

म्हणालो, “नारळाच्या दुधाचं काही सांगता येत नाही.”

एवढंच. त्यावर बैठक उठली. पुढल्या वर्षापासून वहिनी पापड तळायला बसल्या. पंगतीला डेअरीचं ताक यायला लागलं. त्यांच्या टोपात आता तांदूळ असतात.

नंतर मी चाळीत आरोग्यावर व्याख्यान ठेवलं. हो, मीच! डॉक्टरबाई म्हणाल्या, पाणी घाण असलं तर धुण्यानं भाजी साफ होत नाही. एका जुडीचे जंतू त्या पाण्यातून सगळ्या जुड्यांना लागतात, आणि पानं दिसतात मात्र ताजी. आभार मी मानले. पहिल्या रांगेत नलूवहिनी बसल्या होत्या, टाळ्या वाजवत.

गेल्या रविवारी त्यांची नात हट्टाला पेटली, आजी, सोलकढी कर. वहिनींनी दार लोटून घेऊन केली. मग एक पेला माझ्याकडे घेऊन आल्या. म्हणाल्या, “घेवा भावोजी. पण तरास झालो तर माका बोल लावू नकात हां.” वर कोथिंबीर घालू का, असंही विचारलं. मी ‘नको’ इतक्या जोरात म्हणालो की बायको आतून बाहेर आली.

मी प्यायलो. अहो, काय सांगू! तीच लसूण, तीच हलकी आंबट झिणझिण, तोच गुलाबी रंग ओठांवर. अकरा वर्षं ताक पिऊन झिजलेली जीभ जागी झाली. मी तीन पेले प्यायलो आणि वेड्यासारखा हसत सुटलो. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. वहिनीही हसल्या, आणि त्यांनी पदर खोचला. ते बघितलं, आणि हे लिहायला बसलो.

वहिनींच्या सोलकढीत काही नव्हतं. पाणी मी वापरलं, पीस मी उचलून टाकलं, आणि ते वाक्य मी बोललो. माहीत असून बोललो.

स्मरणिकेचा मजकूर छपाईला जाण्याआधी दरवर्षी नलूवहिनी तपासतात. यंदाचा गठ्ठा उद्या सकाळी मी त्यांच्या दारात देणार आहे. हा कागद सगळ्यात वर ठेवलाय.