सोड्याच्या ट्रकचा पाचवा गिअर

डेपोत त्याला सगळे भिंगरी म्हणायचे. ट्रकमध्ये माल चढत असताना बाकीचे ड्रायव्हर सावली बघून आडवे व्हायचे. हा मात्र ट्रकभोवती फेऱ्या मारायचा, टायरला लाथ घालून बघायचा, आवळलेल्या दोऱ्या सोडून पुन्हा आवळायचा. बायको म्हणायची, "जेवताना तरी नीट बसा. ताट काही पळून जात नाही."

अशा माणसाच्या वाट्याला ट्रक आला होता तो साठच्या पुढे गेला की हुडहुडी भरल्यासारखा थरथरणारा. स्वतःचाच, डेपोच्या मालासाठी भाड्याने लावलेला, जुना, चार गिअरचा. ओझं ओढायला दणकट, पण पळायचं नाव नाही. सोड्याच्या भरलेल्या बाटल्या घाटापलीकडच्या गोदामात उतरवायच्या आणि रिकाम्या घेऊन परतायचं, हे त्याचं रोजचं काम.

एकुलत्या एका मुलीला बाळ झालं आणि त्याला त्या ट्रकचा राग यायला लागला. मुलगी गोदामाच्याच गावात राहायची, पण तिच्या दारात डोकवायलाही सवड मिळायची नाही. जाताना गोदाम बंद होईल ही धास्ती, येताना डेपोची घाई. नात रांगायला लागली, तेही त्याला फोनवरच दिसलं. त्या दिवशी त्याने ट्रक सरळ मेहुण्याच्या गॅरेजात नेऊन उभा केला.

"ही गाडी पळायला पाहिजे," तो म्हणाला. "मागच्या ॲक्सलमधली दातेरी चाकांची जोडी बदल. दुसऱ्यांनी बदलून घेतलीय, मी बघितलंय."

बायकोचा हा भाऊ शांत माणूस. हात पुसत म्हणाला, "भावोजी, इंजिनाची ताकद आहे तेवढीच राहणार. जोडी बदलली तर सपाटीवर गाडी पळेल, पण पहिल्यापासून सगळेच गिअर जड होतील. भरलेली गाडी घाट चढायची नाही."

"तू बसव. चढवायचं माझ्यावर सोड."

जोडी बसली. सपाट रस्त्यावर ट्रक असा सुटला की भिंगरी एकटाच हसायला लागला. एका बसला त्याने मागे टाकलं, आणि वेगाचा काटा मात्र साठच दाखवत होता, कारण काट्याला मागच्या बदलाचा पत्ताच नव्हता. मग घाट आला. पहिल्या वळणावर दुसरा गिअर दमला, पुढच्या वळणावर पहिलाही. क्लच जळाल्याचा वास केबिनभर पसरला आणि भर चढावर ट्रक थांबला. उतरून त्याने चाकांमागे दगड लावले. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. एका टँकरवाल्याने साखळी लावून ओढलं, तेव्हा कुठे वरचं वळण आलं. गोदाम तोवर बंद झालं होतं.

ट्रक पुन्हा गॅरेजात आला. मेहुण्याने जुनी जोडी परत बसवली आणि भंगारातून पाच गिअरची पेटी शोधून आणली. "खालचे गिअर तुमचे होते तसेच राहतील, घाटासाठी. पाचवा फक्त पळायला." पेटी लांब निघाली. मग पेटीपासून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट कापून आखूड करावा लागला, पत्रा कापून गिअरच्या दांड्याला नवी जागा करावी लागली. भिंगरी रोज येऊन डोक्यावर उभा राहायचा. काम संपलं तरी मेहुणा किल्ली देईना.

"आता काय राहिलं?"

"ब्रेक. पळायची सोय झाली, थांबायची नको का?"

अखेर ट्रक बाहेर पडला. घाट नेहमीसारखा कण्हत चढला, आणि पठारावर पाचवा टाकल्यावर इंजिनाचा आवाज एकदम खाली आला. गोदामात माल उतरवून भिंगरी मुलीच्या दारात उभा राहिला, तेव्हा त्याच्या हातात चांगला तासभर होता.

मुलीने खुर्ची दिली, नात मांडीवर ठेवली. सगळं मनासारखं झालं होतं आणि त्याचा पाय थरथर हलत होता. खिडकीतून तो सारखा ट्रककडे बघायचा. बोलायला काही सुचेना.

"बाबा, कोणी पाठीमागे लागलंय का?"

"नाही गं. बसलोय की."

मुलीने त्याच्या हलत्या पायाकडे बघितलं. मग म्हणाली, "मलाही नाही बसवत. दिवसभर या दोन खोल्या. वेड लागायची पाळी आलीय." लग्नाआधी तिने हट्टाने जड वाहनाचं लायसन्स काढलं होतं, तेव्हा तोच तिच्या शेजारी बसून ओरडायचा. त्याने खिशातून किल्ली काढून तिच्यापुढे धरली. "चल, गोदामापर्यंत. रिकाम्या बाटल्या चढवायच्यात."

तिने ट्रक चालवला, सावकाश, रिकाम्या रस्त्यावर. तो बाजूच्या सीटवर, नात कुशीत घट्ट धरून. त्याचा उजवा पाय पत्र्यावर दाबला जात होता.

"बाबा, तिकडे ब्रेक नाहीये," ती समोर बघतच म्हणाली.

"माहीत आहे." पाय काही उचलला नाही. पण तोंड सुटलं. घरात एक शब्द न सुचलेला माणूस घाटाबद्दल, टँकरवाल्याबद्दल, तिच्या आईच्या गुडघ्यांबद्दल बोलत सुटला. तीही बोलली. गोदामाचं फाटक आलं तरी दोघं उतरले नाहीत.

त्याच फाटकावर तिने गोदामवाल्याला विचारलं, गावात माल पोचवायला माणूस लागतो का. त्याला लागतच होता. तिच्या सासूने आधी तोंड वाकडं केलं, मग नातीला सांभाळायला हो म्हणाली. पुढच्या महिन्यापासून मुलगी गोदामाचा टेम्पो चालवायला लागली.

आता भिंगरी मुलीच्या घरी पोचतो तेव्हा ती बऱ्याचदा कुठल्यातरी दुकानासमोर क्रेट उतरवत असते. तो नातीला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारतो. मांडीवर घेऊन बसलं की ती किंचाळते. टेम्पोचा आवाज आला की तो अंगणाच्या फाटकाशी जातो, दुसऱ्याच कोणाचा असला की परत वळतो. विहीणबाई दारातून विचारतात, "चहा ठेवू का? बसता ना जरा?"

"ठेवा," तो म्हणतो, आणि चालत राहतो.