डाव्या पायाचा बूट

नव्या रबराचा वास आला की लातूरचा तो पाण्याचा मोर्चा आठवतो. वाटेत कुणीतरी दगड मारला, बुटांच्या दुकानाची काच फुटली आणि आमचीच माणसं आत घुसली. शाळेत गुरुजी असलेले माझे थोरले भाऊ काखेत एक बूट घेऊन बाहेर आले. "दादा, हे काय?" "सगळेच घ्यायलेत, मी एकट्यानं सोडून काय व्हतंय?" मांडणीत फक्त डावा बूट ठेवतात, हे घरी आल्यावर लक्षात आलं. सकाळी दुकानदारानं त्रेचाळीस उजवे बूट ओट्यावर मांडले. "डावे आणून द्या, नाव इचारत न्हाई," एवढंच तो म्हणत होता. एकही आला नाही. भावाच्या अब्रूपायी मीही रिकाम्या हातानं दोनदा त्याच्यासमोरून गेलो. महिन्यानं त्यानं ते सगळे भंगारवाल्याला दोनशे साठ रुपयांत दिले, तेव्हा मी समोरच उभा होतो. आज हे लिहितानाही दादांचं नाव घालायचं धाडस होत नाही.