किल्ल्याच्या सावलीबाहेर

माघातल्या मेळ्यासाठी जुगतसिंह सोढा आपली सांडणी सुगनी घेऊन जैसलमेरात आले, की किल्ल्याच्या दरवाजासमोरच्या मैदानातल्या लोकांना घड्याळ बघावं लागत नसे. दुपार कलली आणि किल्ल्याची सावली बुरुजांवरून उतरून मैदानात पसरू लागली, की म्हातारा उठायचा. घोंगडी गुंडाळायची, खोगीर उचलायचं, पाण्याचा कॅन खांद्यावर घ्यायचा, सुगनीची वेसण धरायची आणि सावलीच्या पुढे चार पावलं उन्हात जाऊन पुन्हा संसार मांडायचा. थोड्या वेळाने सावली तिथेही यायची. पुन्हा तेच.

"उठा बाबोसा, आली!" चहावाला नखताराम आपल्या गाड्यावरून ओरडायचा. "पायाला लागली बघा!"

"लागली तर लागली. तोंडाला लागायला नको," जुगतसिंह म्हणायचे आणि पांढऱ्या मिशांवरून हात फिरवायचे.

मुलीच्या घरचं पाणी बापाने प्यायचं नाही, हा त्या मुलखातला जुना नेम. कोणी तो मुलीच्या उंबऱ्यापुरता पाळतं, कोणी तिच्या सगळ्या गावापुरता. जुगतसिंहांनी तो त्याहून लांब ताणला होता. त्यांची मुलगी सायर किल्ल्यात, आतल्या वस्तीत दिलेली. म्हणजे किल्ला हे मुलीचं गाव, खालचं शहर किल्ल्याच्याच पोटातून बाहेर पडलेलं, म्हणून तेही मुलीचं गाव. शहरात पाय ठेवणं भाग होतं, तेवढा ठेवायचा. पण घोटभर पाणी प्यायचं ते आपल्या ढाणीवरून, वाळवंटातल्या वस्तीवरून आणलेलं, आणि तेही किल्ल्याच्या सावलीबाहेर बसून. सावली झाली तरी ती मुलीच्या घराचीच.

नेमाला एवढा पीळ पडला, त्याला कारण घडलं होतं. सायरचं लग्न झालं ते दुष्काळाचं साल. ढाणीतल्या विहिरीला खारं पाणी लागलेलं, टँकरची वाट बघत बायका रस्त्यावर घागरी घेऊन बसायच्या. अशा दिवसांत किल्ल्यातलं, घरात नळ असलेलं स्थळ आलं. मुलगा देरावरसिंह भाटी, राजमहालात पहारेकरी, सरळ आणि निर्व्यसनी. लग्नाच्या पंगतीत एक चुलतभाऊ वाढता वाढता बोलून गेला, "जुगतसिंहाने जावई नाही पाहिला, नळ पाहिला!" सगळी पंगत हसली. जुगतसिंहही हसले. पण ते वाक्य त्यांच्या पायात बाभळीच्या काट्यासारखं मोडून राहिलं. त्या दिवसापासून त्यांनी किल्ल्याचा दरवाजा ओलांडला नव्हता. मुलीचं घर कुठल्या गल्लीत आहे, तिच्या खिडकीतून काय दिसतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. सगळ्या दुनियेचे लोक येऊन तो किल्ला बघून जात. जुगतसिंह त्यांना आपल्या सांडणीवर बसवून दुरून दाखवत. "आत फार छान आहे," असं सांगत. ऐकलेलं.

देण्यात मात्र हात आखडता नव्हता. येताना तूप, बाजरी, वाळवलेल्या सांगरीच्या शेंगा, सगळं सुगनीवर लादून आणत. सायर दुपारी मुलांना घेऊन खाली यायची. मुलं सांडणीवर बसून मैदानाच्या फेऱ्या मारायची आणि बापलेक उन्हात बसून बोलायची. सायरचे हात तेवढे रिकामे असायचे. पहिल्या वर्षी तिने झाकून ताट आणलं होतं. वडिलांनी त्याला हात जोडले आणि ते ताट तसंच वर गेलं. तेव्हापासून तिने आणणं सोडलं होतं, पण वर स्वयंपाक करताना मेळ्याच्या दिवसांत तिच्या हातून भाकरी नेहमी एक जास्त थापली जायची.

यंदा मेळ्याचा दुसरा दिवस. सुगनीच्या गळ्यात कवड्यांचा हार, पायांत घुंगरं, केस कातरून पाठीवर वेलबुट्टी काढलेली. तिसऱ्या दिवशी सजवलेल्या उंटांची स्पर्धा होती आणि यंदा सुगनीचाच नंबर, असं मैदानातले जाणकार बोलत होते. जुगतसिंह ते ऐकण्यात गुंग झाले आणि सावली कधी अंगाशी आली ते कळलंच नाही.

"बाबोसा! मांडीवर चढली!" नखताराम ओरडला.

जुगतसिंह दचकून उठले. घाईत वेसण ओढली. सुगनीला अशी घाई आवडत नसे. ती रागाने गुरगुरली, मागचे पाय झाडत उठली आणि तिचा एक पाय थेट पाण्याच्या कॅनवर पडला. फट्ट आवाज झाला. पहिला कॅन सकाळीच संपला होता. हा दुसरा. ढाणीचं पाणी क्षणभर वाळूवर चमकलं आणि दिसेनासं झालं.

"घ्या!" नखताराम गाड्यावरून उतरून आला. "सावलीपासून वाचवलं आणि सांडणीला पाजलं. तीही प्यायली नाही."

"हसू नकोस."

"हसत नाही. चहा देऊ?"

"कुठल्या पाण्याचा?"

"नळाच्या."

"मग राहू दे."

नखतारामने शेजारच्या दुकानातून पाण्याची बाटली आणली. जुगतसिंहांनी ती डोळ्यांजवळ धरली, लांब धरली. "वाच रे, कुठे भरलीय?"

नखतारामने वाचलं आणि मान खाली घातली. "इथेच. स्टेशनपलीकडे."

"परत दे."

"बाबोसा, देवालासुद्धा एवढं सोवळं लागत नाही!"

"देवाची मुलगी इथे दिलेली नाही."

सायर मुलांना घेऊन आली तेव्हा वडिलांचे ओठ सुकलेले होते आणि ते सुगनीवर खोगीर आवळत होते. काय झालं ते नखतारामने तिला तिखटमीठ लावून सांगितलं. 

"जीसा, कुठे निघालात?"

"घरी. रात्रभर चाललो की पोचतो उजाडेपर्यंत."

"आणि उद्याची स्पर्धा?"

"सुगनी पुढच्या वर्षीही सुंदरच असणार आहे."

"दुपारपासून घोट नाही घशात. असेच जाणार?"

"सांडणी नाही का चार चार दिवस राहत?"

"तिच्या पाठीवर कुबड आहे, जीसा. तुमच्या आहे का?"

जुगतसिंहांना हसू आलं, पण घसा एवढा कोरडा होता की त्याचा खोकला झाला.  सायरने ओढणी सावरली, सुगनीभोवती घुटमळणाऱ्या मुलांना हाताशी धरलं आणि ती तरातरा दरवाजाकडे चालू लागली.

"रागावली," जुगतसिंह म्हणाले.

"मीही रागावलोय," नखताराम म्हणाला. "पण मला कोण विचारतं?"

खोगीर आवळून झालं तरी जुगतसिंहांचा पाय निघेना. मुलीला न सांगता कसं जायचं? ती येईल, तिच्या डोक्यावर हात ठेवू आणि मग निघू, असं म्हणत ते सुगनीला टेकून उभे राहिले. सूर्य किल्ल्यामागे गेला. बुरुजांच्या कडा तांबूस झाल्या, विझल्या.

तेवढ्यात दरवाजातून एक लहानशी मिरवणूकच बाहेर आली. पुढे सायर, डोक्यावर झाकलेलं ताट घेऊन. मागे जावई देरावरसिंह, हातात तांब्या. आणि त्याच्या खांद्यावर भार टाकून, दर दोन पावलांवर थांबत, साक्षात विहीणबाई मोहनकंवर. त्यांचे गुडघे असे होते की त्या देवदर्शनालासुद्धा किल्ल्याखाली उतरत नसत. नखतारामने धावत जाऊन आपलं एकुलतं स्टूल आणून ठेवलं.

"खम्मा घणी, विहीणबाई," जुगतसिंह गडबडून हात जोडत म्हणाले. "तुम्ही कशाला त्रास..."

"त्रासाचं नंतर." मोहनकंवरांनी चेहऱ्यावरचा पदर जरासा वर केला आणि दम घेतला. "आधी मला सांगा व्याहीसा, किल्ल्याची सावली कुठवर आलीय?"

जुगतसिंहांनी जमिनीकडे पाहिलं. दुपारभर ज्या रेषेवर त्यांची नजर होती, ती रेष कुठेच नव्हती. वाळू, गाडे, सुगनीचे पाय, त्यांचे स्वतःचे हात, सगळं एकाच रंगाचं झालं होतं.

"आता काय... अंधार पडला," ते म्हणाले.

"अंधार म्हणजे काय? सगळ्या सावल्या एकमेकींत मिसळल्या. त्यांत थोरली कोण? माझ्या किल्ल्याची. ती आता पसरत पसरत तुमच्या ढाणीवर गेली असेल. म्हणजे इतकी वर्षं तुम्ही रोज रात्री माझ्या किल्ल्याच्या सावलीत जेवताय. पाणी पिताय, ते वेगळंच!"

नखताराम खो खो हसत सुटला. मेळ्यासाठी आलेले उंटवाले जवळ सरकले.

"रात्रीचं धरत नाहीत," जुगतसिंह पुटपुटले.

"धरत नाहीत ना?"

"नाही."

"मग आता रात्र आहे. प्या!"

आता सगळं मैदान हसलं. जुगतसिंहांनी मिशीला हात लावला, सांडणीकडे पाहिलं. सुगनी रवंथ करत दुसरीकडे बघत होती. तिची काही मदत होणार नव्हती.

"पण विहीणबाई, पाणी तुमच्या नळाचं," ते हळू आवाजात म्हणाले. "लोक म्हणतात, मी मुलगी..."

"ठाऊक आहे लोक काय म्हणतात. पंगतीतली गोष्ट माझ्या कानावर त्याच आठवड्यात आली होती." मोहनकंवरांनी हात उडवला. "अहो, त्या नळाला एक दिवसाआड पाणी येतं, तेही कासवाच्या चालीने. असल्या नळासाठी कोण मुलगी देईल? तुम्ही आमचा देरावर पाहूनच दिली असणार. आणि ऐका. नळ माझ्या नावावर आहे, सुनेच्या नाही. तांब्या माझ्या माहेरचा. मुलीच्या हातचं घेऊ नका. विहिणीच्या हातचं घ्यायला कोणी मनाई केलीय?"

यावर उत्तर शोधावं असं जुगतसिंहांना वाटतच नव्हतं.  ते खाली बसले आणि त्यांनी ओंजळ पुढे केली. मोहनकंवरांनी देरावरसिंहाच्या हातून तांब्या घेतला आणि स्टुलावर बसूनच धार सोडली. म्हातारा प्यायला. मान वर करून श्वास घेतला, पुन्हा प्यायला. पाणी मिशांवरून ओघळून अंगरख्यात गेलं. तांब्या रिकामा झाला तेव्हा कुठे त्यांनी ओंजळ मिटली.

सायरने ताट समोर ठेवलं. बाजरीच्या जाड भाकऱ्या, केर-सांगरीची भाजी, वर तूप.

जुगतसिंहांनी ताटाकडे पाहिलं, मग विहिणीकडे. "स्वयंपाक कोणी केला?"

"मी," मोहनकंवर म्हणाल्या. त्यांच्या गुडघ्यांना चुलीपाशी बसवत नाही, हे अख्ख्या किल्ल्याला ठाऊक होतं.

जुगतसिंहांनी तुकडा मोडला, भाजी लावली आणि तोंडात घातला. त्यांचं चावणं मधेच थांबलं. त्या भाजीत आमचुराऐवजी वाळलेल्या काचरीची, म्हणजे रानकाकडीची आंबट चव होती आणि फोडणीत बडीशेप. सगळ्या वाळवंटात अशी भाजी एकच बाई करायची, सायरची आई. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि सायर परकरात असताना त्या बाईच्या मांडीला मांडी लावून चुलीपाशी बसायची.

"विहीणबाई," ते म्हणाले. त्यांनी दुसरा तुकडा मोडला. "तुमचा हात अगदी आमच्या घरातल्यांसारखा आहे."

"मग! आम्हाला काय समजलात?"

सायर वडिलांच्या मागे सुगनीच्या मानेआड उभी होती. तिची ओढणी तोंडात होती आणि खांदे हलत होते. ती हसते आहे की रडते आहे ते देरावरसिंहाला समजेना. दोन्ही चाललं होतं. जुगतसिंहांनी ताट पुसून खाल्लं, आणखी एक भाकरी मागून घेतली आणि ती जरा जाड झाली, मीठही बेताचंच आहे, अशी तक्रार केली. मोहनकंवरांनी ती मान डोलावून ऐकून घेतली आणि पुढच्या वेळी लक्ष देईन म्हणाल्या.

विहिणीच्या घरी रात्र काढायलाही कोणी मनाई केली नव्हती; मग सुगनीला नखतारामवर सोपवून सगळे वर निघाले. विहिणीच्या गुडघ्यांच्या चालीने चालायचं असल्यामुळे जुगतसिंहांना सगळं नीट बघता आलं. एकामागून एक दरवाजे, वळणाचा चढ, महालाच्या नक्षीदार खिडक्या, दिवसभर तापून अजून कोमट असलेली पिवळी भिंत. तिला ते हात लावत चालले होते. "आत फार छान आहे," ते कोणालाच उद्देशून न म्हणता म्हणाले.

घराच्या दारात सायर थांबली. जुगतसिंहांनी जोडे काढले, उंबरा ओलांडला आणि घसा खाकरला.

"सायर, तुझ्या सासूबाई सकाळी काय करणार आहेत गं? स्पर्धेला उपाशीपोटी जायचं नसतं."

"विचारून सांगते, जीसा," सायर म्हणाली आणि पीठ काढायला आत धावली.