भीमराव केबलवाल्याची ‘चावडी’

भीमराव ओव्हाळने आमच्या वस्तीतल्या जवळजवळ प्रत्येक घराची केबल कधी ना कधी कापलेली आहे. थकबाकीसाठी नाही. घरात दहावीचं पोर असलं की मार्च महिन्यात हा स्वतःच्या मनाने वायर काढायचा. बायका शिव्या घालायच्या, बापे कॉलर धरायला यायचे. हा शिडीवरूनच म्हणायचा, “पेपर संपले की जोडतो. तोवर रेडिओ ऐका.” स्वतःचं गिऱ्हाईक स्वतः तोडणारा धंदेवाला मी पुण्यात दुसरा पाहिला नाही, आणि पुणं मी पायी पाहिलंय, बहुतेक वेळा हातात झेंडा घेऊन.

मार्केट यार्डाच्या मागे आमची वस्ती. भीमरावचे वडील सोनबा यार्डात हमाल होते. छप्पन साली दीक्षा घेतलेला माणूस. आयुष्यभर गुळाच्या ढेपा वाहिल्या आणि मुलाला एकच अट घातली, की पाठीवर काही घ्यायचं नाही. मुलाने आयटीआय केलं. मग ब्याण्णव-त्र्याण्णवला देशाने दारं उघडली म्हणतात, ती आमच्याकडे छपरावरून उघडली. भीमरावने पत्र्यावर डिश बसवली, घराघरात वायर ओढली आणि स्वतःचं एक व्हिडिओ चॅनलही चालू केलं. दुपारी एक पिक्चर, रात्री एक. खाली पट्टीवर साड्यांचा सेल, वाढदिवस, ‘अमुक यांना नातू झाला’.

ही पट्टी चालवायला त्याने बुधवार पेठेतून सुटे भाग आणून एक कॉम्प्युटर जुळवला. तिथून त्याला लिनक्सचा नाद लागला. मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी होती, बाकी काही नाही.

लिनक्स म्हणजे काय, हे मला त्याने सहासीटर रिक्षावर समजावलं. “निशाताई, हे इंजिन समजा. कुणाच्या मालकीचं नाही. कुणीही घ्यावं, खोलून बघावं. त्यावर कुणी टेम्पो बांधतो, कुणी सहासीटर. अशी इंजिनावर बांधून तयार केलेली गाडी म्हणजे डिस्ट्रिब्यूशन.”

“मालकीचं नाही म्हणजे सातबारा कुणाच्या नावावर?”

“सगळ्यांच्या.”

आयुष्य सातबाऱ्यांसाठी भांडण्यात गेलेलं. ते मी त्याला पुन्हा एकदा सांगायला लावलं.

दोन हजार चारची गोष्ट सांगते. बुद्धविहाराच्या बाजूला एक खोली आहे. ती अभ्यासिकेला मिळावी म्हणून मी महापालिकेत इतके हेलपाटे घातले, की तिथला शिपाई मला बघितलं की आपोआप लिफ्ट थांबवायचा. कर्वे रोडच्या एका कंपनीने जुने कॉम्प्युटर टाकायला काढले, ते आम्ही टेम्पोत घालून या खोलीत आणले. फुलंबिलं वाहिली, फीत कापली. चालू केले तर एकही धड चालेना. नवीन विंडोज त्यांना पेलवत नव्हती आणि जुनी चोरीची होती. मशिनं फडकी पांघरून बसली आणि आमचे नगरसेवक हिंमतराव यांच्या डोळ्यांत खोली भरली. “भंगारासाठी जागा कशाला अडवता, ताई? संपर्क कार्यालय करू. लोकांची सोय होईल.” लोकांची सोय म्हणजे यांच्या फोटोची सोय, हे मी भर चौकात बोलले. शेवटी ठरलं की रविवारी विहारात वस्तीची बैठक, हात वर करून मतदान. कॉम्प्युटर की कार्यालय.

भीमरावने तोवर त्या म्हाताऱ्या मशिनांसाठी स्वतःची गाडी बांधायला घेतली होती. एक मोठी परदेशी डिस्ट्रिब्यूशन, यांच्या भाषेत डिस्ट्रो, घेतली, जड ते सगळं काढून टाकलं आणि पडद्यावरच्या पाट्या मराठी केल्या. अक्षरं नीट दिसावीत म्हणून कोथरूडच्या एका कंपनीतली चैताली नावाची प्रोग्रामर बाई त्याला मदत करायची. त्यांची ओळख इंटरनेटवरच्या लिनक्सवाल्यांच्या टपालगटात, म्हणजे एकाने ईमेल टाकली की सगळ्यांना पोचते तिथे, झालेली. सगळं मिळून एका सीडीत बसवलं आणि नाव ठेवलं ‘चावडी’.

नावावरून मी तापले. “चावडीची पायरी आपल्या आजोबांना चढू देत नव्हते, विसरलास?”

“विसरलो नाही म्हणून तर ठेवलं. आता आपण बांधली. कुणीही चढा.”

मी म्हटलं, राहू दे नाव. असं फार वेळा होत नाही.

चैतालीने टपालगटात घोषणा केली, ‘चावडी’ प्रसिद्ध होत आहे. उत्तरं आली ती तिने मला वाचून दाखवली. एक म्हणाला, आणखी एक डिस्ट्रो कशाला, आधीच्या काय कमी आहेत? दुसरा म्हणाला, वॉलपेपर बदलला की डिस्ट्रो होते का? तिसरा जास्त सभ्य होता, त्याने फक्त लिहिलं, “अभिनंदन. चालते का?”

“यांचं ऑफिस कुठंय?” मी विचारलं. “मोर्चा नेते.”

“ताई, ऑफिस नसतं. गट आहे तो.”

“मग निवेदन कुणाला द्यायचं?”

चैताली हसत सुटली. भीमराव मात्र हसला नाही. तो म्हणाला, “तिसरा बरोबर बोलला. चालते का, हे वस्तीने डोळ्यांनी बघायला पाहिजे. उद्या शनिवार. यार्डाला सुट्टी, सगळे घरी. दुपारचा पिक्चर थांबवून चॅनलवर दाखवतो.”

कॉम्प्युटरचा पडदा केबलवर दाखवायचा तर त्यात टीव्हीचं कार्ड लागतं. असं कार्ड एकाच मशिनात होतं, त्या पट्टी चालवणाऱ्या. म्हणजे ज्या डिस्कवर पिक्चर, जाहिराती, वस्तीच्या वाढदिवसांचे फोटो, त्याच डिस्कच्या रिकाम्या कोपऱ्यात ‘चावडी’ बसवायची. अवघड काही नव्हतं. भीमरावला ते झोपेत येत होतं. तिथेच घोळ झाला.

शनिवारी दुपारी त्याच्या खोलीत तो, चैताली आणि मी. बाहेर घराघरात टीव्ही चालू. भीमराव माइकवर बोलतोय, “आता सीडी टाकली. आता भाषा विचारते, मराठी. आता विचारते, संपूर्ण डिस्क वापरायची का...” आणि बोलता बोलता त्याने एंटर दाबलं.

आठवडाभर त्याने अभ्यासिकेतल्या मशिनांवर हेच केलं होतं. त्यांच्यात वाचवण्यासारखं काही नव्हतंच, तेव्हा दर वेळी माऊस हलवायला नको म्हणून त्याने स्वतःच या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर ‘हो’ करून ठेवलं होतं. हाताला सवय लागली होती, एंटर, एंटर, एंटर. हाताने सवयीचं काम केलं आणि अख्खी डिस्क पुसली.

चैताली किंचाळली. भीमरावने माइकवर, अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असं, एक शब्द उच्चारला. तो मी लिहीत नाही. त्याची आई हे वाचते.

पिक्चर गेले. जाहिराती गेल्या. हिंमतरावांची ‘हार्दिक शुभेच्छा’वाली चलपट्टीसुद्धा गेली, त्याचं मला स्वतंत्र समाधान वाटलं, पण ती वेळ बोलायची नव्हती. भीमराव भिंतीला टेकून बसला होता. “ताई, उद्याचं मतदान मीच घालवलं. सगळ्या वस्तीसमोर.” मी त्याला झापायचं उद्यावर ढकललं.

मशीनला मात्र यातलं काही माहीत नव्हतं. त्याने आपलं काम पुरं केलं, बंद होऊन चालू झालं आणि वस्तीच्या प्रत्येक टीव्हीवर निळ्या पडद्यावर मराठी पाट्या उमटल्या. ‘चावडी’ चालत होती. परत लावायला पिक्चर नव्हता, त्यामुळे दुसरं काही दाखवताही येत नव्हतं.

फोन वाजला. पहिला फोन शिव्यांचा. दुसरा त्याच घरातल्या दुसऱ्या माणसाचा, राहिलेल्या शिव्यांचा. तिसरा फोन यार्डात भाजी विकणाऱ्या सोजरबाईचा. तिचा आवाज इतका मोठा, की आम्हाला सगळ्यांना ऐकू आला.

“ए भीम्या, पिक्चर कुठाय?”

“गेला, मावशी.”

“कुठं गेला?”

“पुसला गेला.”

“बरं. मग त्या कोपऱ्यात ‘पत्ते’ लिवलंय ते काय हाय?”

“पत्त्यांचा खेळ आहे.”

“मग लाव की! हातावर हात धरून का बसलाय?”

भीमरावने पत्ते उघडले. एकट्याने खेळायचा डाव. आता तो आणि माऊस, आणि मागे फोनवर अख्खी वस्ती. “लाल राजावर काळी राणी टाक.” “अरे आंधळ्या, चौकट सत्ती दिसत नाही का?” यार्डातला हमाल रंगनाथ तर कळकळीने म्हणाला, “भाऊ, गठ्ठ्यातलं पान आत्ता काढू नको, माझं ऐक,” आणि भीमरावने ऐकलं नाही म्हणून डाव अडला. त्यावर रंगनाथने पुन्हा फोन करून त्याला झाडलं.

डाव अडल्यावर चैतालीला सुचलं. तिने लिहायचा प्रोग्राम उघडला, अक्षरं मोठी केली आणि भीमरावला म्हणाली, “पट्टी गेली ना? हाताने लिहा.” मग फोनवर जो जे सांगेल ते पडद्यावर. ‘आनंदीबाईंच्या सुनेला मुलगी झाली, पेढे घरी येऊन न्यावेत.’ ‘पिवळा टॉवेल वाळत घातलेला कुणी नेला असेल त्याने आणून ठेवावा, नाव घेणार नाही.’ लगेच दुसरा फोन, ‘टॉवेल आमचाच आहे.’ तेही लिहिलं. सोजरबाई म्हणाली, “माझं नुसतं नाव लिव. कारण नाय काही.” पडद्यावर भलंमोठं ‘सोजरबाई’ उमटलं. मग म्हणाली, “राहू दे थोडा वेळ.” राहू दिलं.

संध्याकाळी चैतालीने टपालगटात सगळं खरं लिहिलं. डिस्क पुसली, चूक आमची, त्या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर आता ‘नाही’ केलंय, दुरुस्त सीडी तयार आहे. आदल्या दिवशी वॉलपेपरवाला जो बोलला होता, त्याने लिहिलं की एवढ्या लोकांसमोर प्रसिद्ध झालेली डिस्ट्रो माझ्या तरी ऐकण्यात नाही. लातूरच्या एका मास्तरांनी शाळेसाठी सीडी मागवली. आणि ‘चालते का’वाल्याने पुन्हा एकच ओळ लिहिली, “चालते तर.” पुणेरी माणूस. याहून जास्त कौतुक केलं असतं तर आजारी पडला असता.

रविवारी विहार भरला. हिंमतराव पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आले. छान बोलले, मान्य केलं पाहिजे. काल त्यांच्या शुभेच्छा पुसल्या गेल्या त्याबद्दल मन मोठं करून माफीही देऊन टाकली. “पण मला सांगा, ज्या माणसाला स्वतःचं चॅनल सांभाळता येत नाही, त्याच्या हाती पोरांचं शिक्षण द्यायचं? कार्यालय झालं तर प्रत्येकाचं काम होईल.”

मी उत्तर द्यायला उठतच होते. पाच मुद्दे तयार होते माझे, त्यातले तीन अपमानाचे. पण सोजरबाई आधीच उभी राहिली होती.

“साहेब, माझं एक काम हाय.”

“सांगा ना, मावशी.”

“काल माझं नाव टीव्हीवर आलं. भीम्याने लिवलं. आता मला माझ्या हाताने लिवायचंय. तुमच्या हापिसात मला ते मशीन देणार का बसायला?”

“मावशी, ऑफिसात तसं... तुम्ही सांगा, आमचा माणूस लिहून देईल.”

“म्हंजे परत दुसऱ्यानेच लिवायचं,” सोजरबाई म्हणाली आणि खाली बसली. बसताना हात मात्र वरच ठेवला. शेजारच्या आनंदीबाईंनी वर केला. रंगनाथने दोन्ही केले, त्याला एक खाली घ्यायला लावला. मग मोजायची गरज पडली नाही. हिंमतराव राजकारणात उगाच टिकलेले नाहीत. इकडेतिकडे बघून त्यांनीही हात वर केला आणि टाळ्या घेतल्या. माझे पाच मुद्दे वाया गेले. अजून राखून ठेवलेत.

सगळ्या गडबडीत माझ्या लक्षात आलं, भीमराव बैठकीत नव्हताच. मी तरातरा बाहेर पडले. विहाराच्या मागच्या खांबावर शिडी लावून तो चढला होता, कमरेला वायरचं वेटोळं.

“अरे, आत मतदान झालं आणि तू खांबावर? खोली आपल्याकडे राहिली! कॉम्प्युटर राहिले!”

“बरं झालं. ताई, जरा बाजूला व्हा, वायर खाली सोडतोय.”

“कसली वायर?”

“इंटरनेटची. अभ्यासिकेत नेतोय.”

“निकाल लागायच्या आधीच?”

त्याने पक्कड दातांतून काढली. “हरलो असतो तर गुंडाळून घेतली असती. धरा आता टोक, नुसत्या उभ्या राहू नका.”

मला असं बोलणारी माणसं पुण्यात फार नाहीत. मी टोक धरलं.