नानांचा आवाज असलेली एकच डिस्क

मंडळी, आज दुपारी जे झालं ते कुणाला तरी सांगायलाच हवं.

वीसेक वर्षांपूर्वी आमच्या भडगावच्या पोरांनी एक अहिराणी सिनेमा काढला होता. त्यात माझे वडील, नाना, पाटील झाले होते. गेल्या वर्षी घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज गेला. आता तो फक्त त्या सिनेमाच्या डिस्कवर आहे, आणि डिस्क एकच उरलीय.

लॅपटॉपला डिस्क घालायची सोय नाही. म्हणून जुना गेम कन्सोल काढला. त्यातून पेन ड्राइव्हवर कॉपी करता येते. नाना नुकतेच केळीच्या बागेतून आले होते. त्याच हाताने त्यांनी कौतुकाने डिस्क उचलून मला दिली आणि चमकत्या बाजूवर चिकाचा अंगठा उमटला. केळीचा चीक कपड्याला लागला तर कपडा फाटेपर्यंत डाग जात नाही. मी पुसला, तर तो आणखी पसरला.

तशीच डिस्क आत घातली, तर निम्म्या कॉपीवर कन्सोल करकरायला लागला. टक्क्यांचा आकडा पुढे सरकेना. आई म्हणाली, "बंद कर रे ते, मना जीव घाबरस." पण मधेच बंद करायचीही भीती वाटत होती.

शेवटी कॉपी पूर्ण झाली. डिस्क बाहेर आली, ती गोल चरा घेऊनच. आता ती पुन्हा चालणार नाही.

फाइल अजून उघडलेली नाही. नेमका पाटलाचा आवाजच नसला तर? तुम्ही आधी एकट्याने बघितलं असतं, की त्यांच्यासोबत? लवकर सांगा. नाना चष्मा लावून टीव्हीसमोर बसलेत आणि अंगठा अजून पायजम्याला पुसतायत.